पाय धुऊन येतो

आमचे घरमालक कुणाच्याही घरी गेले की आधी पाय धुवायचे. यात नवल काहीच नाही. त्या काळी बाहेरून आलेला प्रत्येक माणूस आधी मोरीकडे वळायचा आणि घरातलं कुणीतरी तांब्या घेऊन पुढे व्हायचं. फरक एवढाच, की बाकीचे लोक मिनिटाभरात बाहेर येत आणि चहाला बसत. मालक आत गेले की चहा गार व्हायचा. थोड्या वेळानं आतून टकटक ऐकू यायची, मग काहीतरी खरवडल्याचा आवाज. शेवटी यजमानांपैकी कुणीतरी दबक्या आवाजात विचारायचं, "पाहुण्यांना बरं वाटत नाही का?" आणि आमच्यापैकी कुणीतरी खाली मान घालून सांगायचं, "बरं आहे. दरजा बघतायत."

न्हाणीतल्या दोन फरशांच्या मध्ये सिमेंटनं भरलेली जी बारीक फट असते, तिला दरज म्हणतात. आपण रोज तिच्यावर उभं राहून आंघोळ करतो आणि जन्मात एकदाही तिच्याकडे बघत नाही. मालकांनी जन्मभर दुसरं फारसं काही बघितलंच नाही.

वडील मामलेदार कचेरीत कारकून. साताऱ्याकडून बदली होऊन आम्ही कर्जतला आलो आणि मालकांच्या घरी भाड्यानं राहिलो ते माझं लग्न होऊन गेलं तरी वडिलांनी ती जागा सोडली नाही. मालक तिथलेच, पिढ्यान्‌पिढ्या भाताची शेती करणारे. शेत नदीपलीकडे दहिवलीच्या अंगाला आणि घर स्टेशनच्या बाजूला. पुढच्या भागात मालक आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, मागे दोन बिऱ्हाडं. एक आमचं आणि दुसरं एका टेलरमास्तरांचं. हे मास्तर कोकणी मुसलमान, आणि त्यांची जुबेदा माझी जिवाभावाची मैत्रीण. या दोन बिऱ्हाडांत मिळून एक न्हाणी होती, शहाबादी फरशीची, आणि तीच मालकांची खरी इस्टेट.

माणूस उंच, काटक. गुडघ्यापर्यंत धोतर, वर खाकी शर्ट, आणि कारकुनाच्या खिशाला पेन असतं तसं यांच्या खिशाला एका मोडक्या विळ्याचं टोक. त्याच्या बुडाला चिंधी गुंडाळून त्यांनी मूठ केलेली होती. हे टोक दरजेत घालून ते आतलं भुसभुशीत झालेलं सिमेंट उकरायचे, चिमटीत घ्यायचे, वास घ्यायचे आणि मान हलवायचे. सिमेंटला कसला वास येतो हे मी एकदा घेऊन बघितलं. मला साबणाचा आला.

हे वेड शेतातून आलेलं होतं. ते स्वतःच समजावून सांगायचे, आणि कुणी विचारायची वाट बघायचे नाहीत.

"ही फरशी म्हंजे भाताचं खाचर," दरजेवरून बोट फिरवत ते म्हणायचे, "आनि ह्यो त्याचा बांध. बांधाला चिंबोरीनं येवढंसं भोक पाडलं तं सकाळपातूर सगळं खाचर रिकामं. पानी कुठं ग्येलं, कुनाला ठावं नाय. न्हानीचं बी तसंच हाय."

वडिलांनी एकदा शंका काढली. कारकुनाचा स्वभाव, दोन कागद जुळले नाहीत की त्यांना चैन पडत नसे. "पण मालक, शेतात पाणी राहायला हवं असतं. न्हाणीतनं ते जायला हवं."

मालक विचारात पडले. दुपारभर पडलेले असावेत, कारण उत्तर संध्याकाळी आलं. "भाऊसायेब, ऱ्हानं-जानं ह्यो सवाल नाय. पान्यानं आपलं ऐकाया पायजे. ऱ्हा म्हटलं तं ऱ्हायाचं, जा म्हटलं तं जायाचं." वडील नंतर कचेरीत कुणी हुज्जत घातली की हेच वाक्य आपलं म्हणून वापरायचे.

न्हाणीची एखादी दरज गेली असं मालकांच्या मनानं घेतलं की दारात बाकडं आडवं पडायचं. बाकड्यावर स्वतः मालक, उन्हाळा असला तर डोक्यावर छत्री. त्या काळी सिमेंटला परमिट लागायचं, मिळायचं तेही मोजकं. म्हणून मालक ते बिस्किटांच्या जुन्या डब्यांत भरून, वर मेणकापड बांधून देवघरात ठेवत. देवासमोर फुलं आणि देवामागे सिमेंट. काकी पूजा करताना म्हणायच्या, "कुनाला नमस्कार पोचतो कुनास ठाऊक."

एकदा बाकडं पडलं की मोठमोठ्यांचं काही चालत नसे. वडील अंगणात चादरीचा आडोसा करून आंघोळ करायचे आणि मास्तर बादली घेऊन मशिदीच्या विहिरीवर जायचे. आई रागानं लाल व्हायची. "मालक, भाडं आम्ही न्हाणीचं देतो की बाकड्याचं?"

"बाकड्याचं मी घेत नाय वैनी," मालक अगदी प्रामाणिकपणे सांगायचे.

आता असं वाटेल, की माणूस या कामात मोठा तरबेज असणार. तसं काही नव्हतं. हात साफ होता, पण डोक्यात सतत काहीतरी प्रयोग. एका वर्षी त्यांना कुणीतरी सांगितलं, की जुन्या किल्ल्यांच्या भिंतींत चुन्याबरोबर गूळ घालत म्हणून त्या अजून उभ्या आहेत. झालं. मालकांनी चांगला पिवळाधमक गूळ आणला, पाण्यात विरघळवला आणि त्या पाण्यात सिमेंट कालवून आमच्या न्हाणीच्या सगळ्या दरजा भरल्या. चुन्याला गूळ मानवतो, सिमेंटला मानवत नाही, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही. दुसऱ्या दिवशी दरजा ओल्याच. तिसऱ्या दिवशीही बोट लावलं की खळ लागावी तसं बोटाला लागायचं. मालक बाकड्यावर बसून फरशीकडे बघत राहिले, आणि चौथ्या दिवशी मुंग्या आल्या.

तशा मुंग्या मी पुन्हा कधी बघितल्या नाहीत. फरशीवर एकही नाही. सगळ्या दरजेतून, अगदी सरळ रेषेत. कोपऱ्यावर आल्या की काटकोनात वळायच्या. सगळी न्हाणी काळ्या रेघांनी आखून काढल्यासारखी दिसायला लागली. जुबेदा आणि मी दारात उभ्या राहून इतक्या हसलो, की मास्तरांनी शिलाईचं मशीन थांबवून हाक मारली.

"हसता काय गं?" मालक म्हणाले. "मुंगी वेडी नाय. जिथं दम असतो तिथंच ती जाते."

पुढे ते सगळं उकरून त्यांनी पुन्हा साधं सिमेंट भरलं. चूक झाली असं मात्र कधी म्हणाले नाहीत. "मुंग्यांनी परीक्षा घेतली," एवढंच म्हणायचे.

आणि तो दिवाळसण! मालकांची एकुलती एक मुलगी शेलूला दिलेली. जावई पहिल्या दिवाळीला आले. पहाटे काकींनी त्यांना पाटावर बसवलं, तेल लावलं, उटणं लावलं, बंबात पाणी उकळत होतं. मालक जावयासाठी पाण्याची बादली ठेवायला आपल्या पुढच्या न्हाणीत गेले आणि आतच राहिले. बाहेर फटाके वाजतायत, सगळ्या गावाच्या आंघोळी होत आल्यात आणि अंगभर उटणं फासलेले जावई कुडकुडत बसलेत. शेवटी काकी आत डोकावल्या तर मालक उकिडवे बसून विळ्याच्या टोकानं कोपरा उकरतायत.

"अवो, जावई!"

"बसू दे त्यांना. ही दरज आता उकरली. हिच्यावर गरम पानी पडलं तं खालचा सगळा भराव जाईल."

जावई बिचारे टॉवेल गुंडाळून आमच्या मागच्या न्हाणीत आले. वाळलेलं उटणं निघेना म्हणून वडिलांनी त्यांची पाठ घासून दिली. त्या पोराचा स्वभाव इतका गोड, की पुढे दर दिवाळीला सासऱ्यांना विचारायचा, "मामा, यंदा आंघोळ पुढं का मागं?"

आता माझ्या लग्नाकडे वळते, कारण मालक म्हटलं की मला शेवटी तेच आठवतं.

माझ्यासाठी स्थळं बघायला लागल्यावर वडिलांपुढे प्रश्न पडला. मुलगा बघायला येतो तेव्हा सगळे नटून बसतात, त्यातनं कळत काहीच नाही. घर बघायला जायचं तर बरोबर त्या भागातला माहितगार माणूस हवा. आम्ही परके. मालकांना कर्जतपासून खालापूरपर्यंत कुणाचं शेत कुठे आणि कुणाचं सोयरं कोण हे पाठ. वडिलांनी त्यांनाच बरोबर घेतलं.

पहिलं घर नेरळचं. माणसं चांगली, मुलगा शिकलेला. मालक म्हणाले, "पाय धुऊन येतो," आणि आत गेले. परतताना वडिलांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"नको."

"का हो?"

"न्हानीत दरजाच नाय ऱ्हायल्या. पानी फरशीखाली जातंय. पाय ठिवला की डबडब वाजतंय. घरातली सगळी मानसं रोज तिथं उभी ऱ्हातात, आनि एकाला बी ऐकू जात नाय? जी मानसं पायाखालचं ऐकत नाय, ती तुमच्या पोरीचं काय ऐकनार?"

वडिलांना हे पटलं. आईला अजिबात पटलं नाही. पण वर्षभरात त्या घरात भावाभावांच्या वाटण्या झाल्या. वाटण्या कुणाच्या घरात होत नाहीत? वडिलांची मात्र मालकांवर श्रद्धाच बसली.

दुसरं घर बदलापूरचं. तिथली न्हाणी म्हणजे आरसा. आम्हाला वाटलं, आता मालक खूश. तर तिथेही नकार. "दरजा चांगल्या हायेत भाऊसायेब. पन पायपुसनं बी माप काढून ठिवलंय. मी ओल्या पायानं बाहेर आलो तं बाई माझ्या मागं फडकं घेऊन फिरली. तिथं पोरगी मोकळी हसायची नाय." हे मात्र आईलाही पटलं.

या दोन्ही मुलांशी मला काही देणंघेणं नव्हतं. एक स्वतःबद्दल फार बोलला होता आणि दुसरा बोललाच नव्हता. दोन्ही नकारांनंतर मी आणि जुबेदा मुकाट्यानं चिंचा खात बसलो होतो. तिसऱ्या वेळी तसं राहिलं नाही.

मुलगा खालापूरचा, खोपोलीला कारखान्यात नोकरी. बघायला आला त्याच्या आईबरोबर आणि काकांबरोबर. मी पोहे दिले आणि समोर बसले. काका मला प्रश्न विचारत होते, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. तेवढ्यात त्याच्या दाताखाली खडा आला. कटकन आवाज झाला तो मी ऐकला. त्यानं तोंडाशी रुमाल नेला, खडा अलगद काढला, इकडेतिकडे बघितलं आणि खिशात टाकला. मग पुन्हा डिश पुढे करून म्हणाला, "अजून थोडे चालतील." मला तो आवडला. आता या वयात सांगायला काय लाजायचं? आवडला म्हणजे फारच आवडला. रात्रीची भाजी मी खारट केली ती त्याच भरात.

त्यांच्याकडून होकार आला. पुढच्या रविवारी आमच्याकडच्यांनी घर बघायला जायचं ठरलं आणि मालकांनी परटाकडून धोतर आणवलं. ते पांढरंशुभ्र धोतर दोरीवर बघितलं आणि मला नेरळची न्हाणी आठवली. सगळं जुळलं होतं. आई राजी, वडील राजी, पत्रिका जुळलेली. आणि आता माझं सगळं आयुष्य खालापूरच्या एका न्हाणीतल्या फरशीवर येऊन ठेपलं होतं.

जुबेदाचे मामू खालापूरला, त्या मुलाच्या घराला लागूनच राहायचे. ती त्या आठवड्यात तिकडे जाणारच होती. मी तिला म्हटलं, "त्यांची न्हाणी बघून ये."

"वेडी का काय! दुसऱ्यांच्या न्हाणीत कशी शिरू?"

पण शिरली. मामीबरोबर त्यांच्याकडे गेली आणि हात धुवायचं निमित्त काढलं. परत आली ती डोक्याला हात लावूनच. "दरजा? अगं, कसल्या दरजा घेऊन बसलीस! फरशा नुसत्या ठेवल्यात मातीवर. एक तर पाय ठेवला की बोलते."

"काय बोलते?"

"डबडब."

तिथल्या तिथे तिनं काय केलं ते मग मला हळूच सांगितलं. संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा जुबेदाच्या सांगण्यावरून मामींनी कुंपणावरून त्याला हाक मारली आणि माझ्या नावावर निरोप देऊन टाकला: रविवारच्या आत न्हाणीच्या दरजा भर, मुलीचा निरोप आहे, कुठे बोलू नकोस. लग्न ठरायच्या आधी मुलीनं मुलाला निरोप धाडायचा, तोही न्हाणीबद्दल! बाहेर फुटलं असतं तर आईनं मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं, आणि त्यांच्या काकांनी ही मुलगी नको म्हणून सांगितलं असतं. मी जुबेदाला रागावले. मग तिला मिठी मारली. मग विचारलं, "तो काय म्हणाला?"

"म्हणाला, कुठल्या दरजा?"

रविवारची हकीगत वडिलांनी घरी येऊन आईला सांगितली, ती मी दाराआडून ऐकली. पुढे ती आणखीही लोकांकडून ऐकली, इतक्यांदा, की आता मी तिथे होते असंच मला वाटतं.

वडील आणि मालक सकाळच्या गाडीनं खोपोलीला गेले आणि शिळफाट्यावरून एसटीनं खालापूर. पडवीत सतरंजी घातलेली, शिऱ्याचा वास सुटलेला. मुलाची आई तांब्या घेऊन पुढे आली. मालक म्हणाले, "पाय धुऊन येतो," आणि आत गेले.

टकटक ऐकू आली नाही. खरवडल्याचा आवाज आला नाही. वडील कान देऊन बसले होते. बऱ्याच वेळानं आतून नुसतं छप्‌ असं वाजलं, आणि मग मालकांचा आवाज आला, "भाऊसायेब, जरा हिकडं या."

सगळेच उठले. न्हाणीत घोट्याच्या वरपर्यंत करडं पाणी तुंबलेलं आणि त्यात मालक, परीटघडीचं धोतर दोन्ही हातांनी वर धरून, भाताच्या आवणीला उभं राहावं तसे उभे. झालं होतं असं, की मुलानं शनिवारी दरजा भरल्या आणि न्हाणी वापरू नका हे घरात सांगायलाच विसरला. पहाटे सगळ्यांनी आंघोळी केल्या. अर्ध्या दरजा पाण्याबरोबर वाहून मोरीच्या तोंडाशी गेल्या आणि तिथे छान घट्ट बसल्या.

मुलाच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका पुढे होऊन सांगायला लागले, "कालपर्यंत चांगली होती हो. गवंडी लावला होता, त्यानंच..."

"गवंडी नाही," मुलगा म्हणाला. "मी भरल्या."

आणि इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला, खाली बसला, मोरीच्या तोंडात हात घालून उकरायला लागला. निघेना. मालकांनी वरून थोडा वेळ बघितलं. मग खिशाचं विळ्याचं टोक काढून त्याच्या हातात दिलं. वडील सांगत होते, "अगं, ते टोक त्यांनी आजवर काकींनाही हात लावू दिलेलं नाही!" मुलानं दोन-चार घाव घातले आणि पाणी गडगडत गेलं. खाली फरशी उघडी पडली. कुठे सिमेंटचा ढीग, कुठे काहीच नाही.

"सिमिट कुठला?"

"शेजारच्यांकडे उरलेलं होतं, जुनं. खडे झाले होते म्हणून पिठाच्या चाळणीनं चाळून घेतलं."

"म्हणजे माझी चाळण तू...!" मुलाची आई म्हणाली, आणि पाहुण्यांकडे बघून गप्प झाली.

"कशानं भरलास?"

"उलथन्यानं."

"आनि वाळू?"

"वाळू घालायची असते?"

मालकांनी डोळे मिटले. मग उघडले आणि अगदी सावकाश विचारलं, "तुला कोनी सांगितलं रं, आमी न्हानी बघतो म्हून?"

वडील हे सांगायला लागले तेव्हा मी दाराला कान लावला. तिथे न्हाणीच्या दारात काका टवकारून बघत होते. कुंपणापलीकडे मामी कपडे वाळत घालत होत्या, त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्या मुलानं माझं नाव नुसतं घेतलं असतं तरी सगळं तिथेच संपलं असतं.

मुलगा ओल्या हातांनी तसाच बसून होता. म्हणाला, "कुणी कशाला सांगायला हवं? रोज आंघोळ करतो मी इथं. पाय ठेवला की फरशी बोलते. ती ऐकली."

मालक त्याच्याकडे बघत राहिले. वडील म्हणाले, एवढा वेळ त्यांनी कुठल्या दरजेकडेही बघितलेलं नाही. मग मान वर न करता ते काकांना म्हणाले, "वाळू बघा कुठं मिळती का. आनि घमेलं."

शिरा गार झाला. काका आणि वडील पडवीत भाताच्या पिकावर बोलले, मग पावसावर बोलले, मग बोलायचं काही उरलं नाही म्हणून तोच गार शिरा खात बसले. आत दोघांचं काम चाललेलं. मालकांचा आवाज मधूनमधून बाहेर यायचा. "दाब रं. नुसतं वरून सारवू नको, आत दाब. हां. आता मोरीकडं उतार दे. पानी काय, पावन्यावानी असतं. वाट दावली नाय तं बसून ऱ्हातं." दुपार टळली तेव्हा दोघं बाहेर आले, कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेले. मालकांनी सगळ्यांना बजावलं, चार दिवस कुणी आत पाऊल टाकायचं नाही. घरातल्या सगळ्यांनी मामूंच्या न्हाणीत आंघोळ करायची, हेही त्यांनीच ठरवून टाकलं; मामूंना विचारलं सुद्धा नाही. निघताना मुलाच्या आईनं भीत भीत विचारलं, "मग आमचं कसं काय?" तर मालक म्हणाले, "कळवतो."

"कळवतो?" आई वडिलांवर कडाडली. "दिवसभर त्यांची न्हाणी करून दिली आणि कळवतो? आणि गाडीत काय म्हणाले?"

"काही नाही. झोपले होते."

"अहो, मुलगी तुमची की त्यांची?"

"सकाळी विचारतो," वडील म्हणाले आणि टोपी खुंटीला अडकवली.

मला सकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. दिवेलागणीची वेळ. मालक मागच्या अंगणात न्हाणीच्या पायरीवर बसून कोपराला चिकटलेलं सिमेंट नारळाच्या शेंडीनं घासत होते. मी चुलीवरचं गरम पाणी तांब्यात घेतलं आणि गेले. काय विचारणार होते, मलाही माहीत नव्हतं. मुलीनं असं विचारायचं नसतं. मी नुसती त्यांच्या हातावर पाणी घालत राहिले, त्यातलं निम्मं त्यांच्या पायांवर.

"फरशी बोलली म्हनं," मालक आपल्याशीच म्हणाले आणि हसायला लागले. "येवढी वर्सं त्या फरशीवर आंघोळ क्येली. कवा ऐकू आलं नाय. ह्या शनवारी बरं ऐकू आलं!"

मी तांब्याकडे बघत राहिले. माझे कान तापले होते.

त्यांनी आवाज खाली आणला. "पोरी, निरोप धाडलास तो धाडलास. मंग वाळूचं का गं नाय सांगितलंस?"

माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि त्याच वेळी हसूही फुटलं. शेवटी मी विचारलं ते एवढंच, "किती घालायची असते?"

"एकाला तीन." मालकांनी धोतराला हात पुसले आणि उठले. "त्या घरात जाशील तवा सांग त्याला. मी इसरलो."